कानात गिरण

कर्जतच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला. "गुडघ्यातली गादी संपली. हाडावर हाड घासतंय," ते म्हणाले. माझी आई जवळच्या पोशीर गावची, जन्म भातलावणीत गेलेला. सांधा बदलणे हाच उपाय होता आणि त्यासाठी मुंबई गाठावी लागली. ऐंशीच्या दशकाची अखेर होती.

शस्त्रक्रियेनंतर तिच्या पाठीत बारीक नळी ठेवली. या नळीला एपिड्युरल म्हणतात. तिच्यातून ठरावीक वेळाने बधिर करणारे औषध सोडतात. माणूस जागा राहतो, पाय दुखत नाही. भूलतज्ज्ञांनी आम्हा मायलेकींना बजावले, "ओठांना मुंग्या आल्या, तोंडाची चव बदलली, कानात आवाज आला, तर लगेच सांगा. औषध रक्तात जात असेल. झटके येतात, हृदय थांबू शकतं."

दुसऱ्या दुपारी आईने उशीखालून मशेरी काढली आणि हिरड्यांना घासली. वॉर्डात तंबाखूला बंदी होती. डबी मीच आणून दिली होती.

"आई, वास येतोय."

"येऊ दे. गुडघा डाक्टरचा, तोंड माझं हाय गं."

थोड्या वेळाने सिस्टर आल्या. त्या थोडे औषध सोडत, थांबत, पुन्हा सोडत. आई जिभेने ओठ चाचपू लागली.

"काय होतंय?" मी हळूच विचारले.

"कायी नाय. मशेरी चढली. गप ऱ्हा, बाई वरडंल."

मलाही तसेच वाटले. दोन दिवस बाकावर काढले होते. बोलणी खायची ताकद नव्हती. मी गप्प राहिले.

मग ती म्हणाली, "कानात गिरण चालू झाली गं."

मशेरीने असे कधी झाले नव्हते. मी सिस्टरना सगळे सांगितले, मशेरीसकट. त्यांचा हात माझे वाक्य संपण्याआधीच थांबला होता. डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला. आईची बोटे फडफडत होती, शब्द अडखळत होते. झटका आला नाही. अर्ध्या तासाने ती नीट बोलू लागली.

"नळी सरकून शिरेत गेली असावी," डॉक्टर म्हणाले. "एकदम सोडलं असतं, तर कठीण होतं."

नळी काढली. पुढचे दिवस गोळ्या-इंजेक्शनांवर गेले. दुखणे पुरते थांबले नाही. आई कण्हत वॉकरला धरून उभी राहिली.

रुग्णाजवळ बसणाऱ्याने लक्षणाचे कारण स्वतः ठरवू नये. लपवलेले काही असेल तर तेही सांगावे. मी उशीर केला.

सिस्टर आम्हाला ओरडल्या नाहीत. नळी काढल्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी आईला चूळ भरायला कोमट पाणी आणून दिले आणि ती चूळ भरेपर्यंत भांडे धरून उभ्या राहिल्या.