जिनिंगमधला मुका नाच

आमच्या झरीच्या रस्त्याला एक कापसाची जिनिंग आहे, सरकी वेगळी काढायचा कारखाना. बरीच वर्षं बंद. मशिनी विकल्या गेल्या, पत्रे आणि शहाबादी फरशी तेवढी राहिली. यंदाच्या हिवाळ्यात माझ्या नातीने तिथे परदेशातले लोक आणून आठ दिवस नाचवले. हे सांगितलं की लोकांना चेष्टा वाटते. चेष्टा नाही. नात पुण्यात कंप्युटरच्या नोकरीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी स्विंग नावाचा नाच करते. एका बाईने आणि एका गड्याने हात धरून करायचा नाच. त्याची शिबिरं देशोदेशी भरतात, लोक विमानाने जातात. तिच्या मंडळींना मोठी आणि स्वस्त जागा पाहिजे होती. मी म्हटलं, "आण. पण भाकरी कोण थापणार त्यांच्या?" तर मीच. मी आणि माझी धाकटी बहीण.

बहिणीला मी मुद्दाम घेतलं, हात कामात राहावेत म्हणून. ती विधवा, एकच पोरगा. दिवाळीनंतर तो टोळीबरोबर ऊस तोडायला गेला आणि महिनाभरात त्याचा फोन बंद पडला. मुकादम म्हणाला, टोळी सोडून गेला, कुठे गेला माहीत नाही. पोलिसांनी लिहून घेतलं. लेकरू जिवंत आहे का नाही, एवढं एकच तिला पाहिजे होतं. तिला देवऋष्याकडे विचारायला जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही.

त्याला कारण होतं. आमच्या आईच्या अंगात यायचं. हरवलेला बैल, पळून गेलेला नवरा, सगळं लोक तिला विचारायला यायचे. बापाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव टोपलीत भरून दुधना नदीत सोडून दिले. त्यानंतर आईला कोणी काही विचारलं की ती उठून आत जायची. त्या घरातल्या लेकीने देवऋष्याचा उंबरा चढायचा नाही, असं मी बहिणीला बजावलं. ती गेली नाही. विचारायचं मात्र तिच्या पोटात तसंच राहिलं.

नाचासाठी फरशीवर फळ्या अंथरल्या होत्या. एका वेळी चाळीसेक माणसं उभी राहायची. मास्तरीण बाईने हात वर केला की गड्यांनी पुढच्या बाईकडे सरकायचं. बाया एकीने कमी होत्या, त्यामुळे प्रत्येक फेरीत एक गडी रिकामा राहायचा. त्याने थांबायचं नाही. समोर बाई आहे असंच हात धरून नाचत राहायचं. नात म्हणाली, असं केलं नाही तर पायाचं माप चुकतं. ती एक जागा भरायला मलाही दोन दिवस उभं केलं होतं. माझे गुडघे दुखले, बाकी काही झालं नाही.

पाचव्या दिवशी जिनिंगच्या शेजारच्या वस्तीत एक म्हातारा वारला. नातीने स्पीकर बंद केला, हे बरं केलं. पण नाच काही थांबवला नाही. सगळ्यांच्या कानाला हेडफोन लावले आणि सगळ्यांना एकच गाणं दिलं.

दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही दोघी चहा घेऊन गेलो. दारातच बहीण थांबली. चाळीस माणसं नाचत होती आणि आवाज नव्हता. फक्त फळ्यांवर पाय पडत होते. खाली पोकळी असल्यामुळे कोणीतरी खालून ठोकतंय असं वाटायचं. कोणी बोलत नव्हतं. काहींचे डोळे मिटलेले. एकदम सगळे थांबायचे, एकदम सगळे वळायचे.

"अक्का, वाजत तर काईच न्हाई."

"त्यांच्या कानात वाजायलंय."

"सगळ्यांच्या एकदमच?"

"व्हय. चहा निवायलाय, चल."

ती हलली नाही. त्या फेरीत एक उंच, पांढऱ्या केसांचा म्हातारा रिकामा राहिला होता. तो आमच्या समोरच होता.

"त्याच्या हातात कोण हाय?"

"कोणी न्हाई. बाई कमी पडली."

"कशी कमी पडली? नीट बघ. त्यानं वळवलं आन् ते वळलं."

मी बघितलं. बघायला नको होतं. त्याची बोटं रिकामी नव्हती, एका हाताभोवती मिटावीत तशी मिटलेली होती. वळवताना तो हात वर उचलायचा, एक डोकं खालून जाईल एवढाच. डोळे त्या डोक्यामागून फिरायचे. तो वळत वळत आमच्याकडे आला तेव्हा मी ट्रे घेऊन बाजूला सरले. त्याच्यापासून सरले नाही, तो लांब होता. कोणाला वाट दिली ते मला अजून सांगता येत नाही.

तेवढ्यात बहिणीने चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि ती आत गेली. त्याच्या पुढ्यात फळीवर डोकं टेकलं. "माझं लेकरू हाय का त्ये?" म्हणाली. "गेलं का माझं लेकरू? सांगा, माय."

त्याला काय ऐकू येणार! त्याला वाटलं बाईला नाचायचंय. तो हसला आणि त्याने हात पुढे केला. बहीण उठली आणि त्या रिकाम्या जागेत शिरली. त्याला हात वर घ्यावा लागला नाही, खाली घ्यावा लागला नाही. ती तिथे बरोबर मावली.

माझी बहीण वरातीतसुद्धा मागे उभी राहणारी बाई. तिचं एक पाऊल चुकलं नाही. मास्तरणीने हात वर केला, म्हातारा पुढे सरकला, दुसरा आला. मग तिसरा. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून ती तेच विचारत होती, मला तिचे ओठ दिसत होते. सगळ्यांचे कान बंद. सगळे मान हलवून हसत होते.

नात पळत माझ्याकडे आली. "आज्जी, मावशीआजी काय सुंदर नाचते गं!"

"गप बस. ती नाचत न्हाई, विचारायली."

सगळे गडी तिच्या हाताखालून गेले तेव्हा ती बाहेर आली. अंगाला घाम नव्हता. मी हात धरला तर भरदुपारी गार.

"काय सांगितलं तुझ्या देवांनी?" मी टोमणा मारला.

"कोणीच काई न्हाई." तिने चपला घातल्या. "पर अक्का, त्या जागी मी सवता उभी राहून आले. तिथं माझं लेकरू न्हाई. म्हंजे दुसरीकडं हाय. मी जाते."

"कुठं?"

"कारखान्यावर. ह्या न्हाई तर दुसऱ्या."

ती मलाही चल म्हणाली. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. पोरगा मेला असं मी मनात धरून बसले होते, आणि ते बघायला मला जायचं नव्हतं.

नातीने पोराचे फोटो छापून आणले. तिसऱ्या दिवशी बहिणीला मी गंगाखेडच्या एसटीत बसवलं, तिथून पुढे ती रेल्वेने जाणार होती. एसटीची वाट बघताना तिचा उजवा हात अंगापासून थोडा लांब, पुढे धरलेला होता. बोटं मिटलेली. मी तिच्या त्या बाजूला उभी राहिले नाही.

आता हंगाम संपत आलाय. ती आठवड्याला एकदा कोणाच्या तरी फोनवरून बोलते. परवा म्हणाली, चार कारखाने झाले, एका टोळीतल्या बाईने फोटो ओळखला, पोरगा पुढे गेला म्हणाली. खरं की खोटं, कोण जाणे.

"एकटी हिंडायलीस, भ्या वाटत न्हाई का गं?"

"एकटी कुठं?"

"मग कोण हाय सोबत?"

मी फोन कानाला घट्ट लावून ऐकलं. मागे टोळीचा गलका नव्हता, ट्रॅक्टर नव्हता, काहीच वाजत नव्हतं.

"हाय की," म्हणाली.

मी कोण ते विचारलं नाही. जेवलीस का, एवढं विचारलं आणि फोन ठेवला.