मेमध्ये तिकडे वारा असतो

तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून मी पंच्यावर पसरले होते. खोलीतला एसी बंद ठेवला होता, कारण एसीखाली तांदूळ कडकडीत वाळतात आणि मग अनारशाचं पीठ भुरभुरीत होतं. ते जरा ओलसर असतानाच दळावे लागतात. अर्धे दळून चाळून झाले होते, अर्धे पंच्यावर होते, आणि मी घामाने निथळत होते. तेवढ्यात प्रेमाताई आल्या.

"काय हो वहिनी, भट्टी लावलीय की काय घरात?"

"तुमच्या जावयासाठीच शिजतेय," मी म्हटलं.

त्या हसल्या आणि पदर खोचून माझ्यासमोर जमिनीवरच बसल्या. पीठ त्यांच्यासाठीच चाललं होतं. मस्कतच्या अल हैल भागात, आमच्या इमारतीत प्रेमाताईंच्या हातची तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी प्रसिद्ध, ब्लाउज तर निम्म्या मस्कतचे त्यांनी शिवलेले. पण अनारसा त्यांच्या हाताला लागत नसे. तुपात सोडला की विरघळून जायचा. म्हणून मला गळ घातली होती, "पीठ तुम्ही करा, तळायला मी उभी राहते."

कारण तसंच होतं. दोन हजार अठराच्या त्या वर्षी अधिक ज्येष्ठ येत होता, मेच्या मध्यापासून. लेकीच्या लग्नानंतरचा हा पहिला अधिक महिना, म्हणजे जावयाला जेवायला बोलवायचं, दिवा आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. आणि प्रेमाताईंचा जावई होता मालागाला. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर.

प्रेमाताई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. लग्न होऊन मस्कतला आल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. दयानंदभाऊ गाला भागातल्या एका कंपनीत एसीदुरुस्तीचे फोरमन. त्यांना उर्वी ही एकच मुलगी. ती इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकली, मराठी बोलताना मध्येच अडायची आणि उरलेलं वाक्य इंग्रजीत पुरं करायची. टुरिझम शिकायला मालागाला गेली, तिथेच हॉटेलात नोकरीला लागली, आणि तिथल्याच मातेओशी तिने लग्न केलं. दयानंदभाऊ आठ दिवस जेवले नाहीत धड. मग एका थंडीत लेक-जावई मस्कतला आले. मातेओने देवापुढे वाकून नमस्कार केला आणि सोलकढीच्या तीन वाट्या संपवल्या. भाऊ खूश. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव पडलं मातेओराव.

तेव्हापासून प्रेमाताईंना एकच ध्यास. मालागाला जायचं. पण कधी?

उर्वीने सुरुवातीला सगळं नीट सांगितलं होतं. "आई, मे नाहीतर सप्टेंबर. Best. ऊन कोवळं, sea एकदम blue, गर्दी कमी. ऑगस्टला नको, फार hot."

"हॉट?" दयानंदभाऊ म्हणायचे. "पंचेचाळीस डिग्रीत छपरावर चढून कॉम्प्रेसर बदलतंय मी, आणि ही माका हॉट सांगता!"

पण अडायचं भाऊंपाशीच. एप्रिल ते ऑगस्ट अख्ख्या मस्कतचे एसी बिघडतात, त्या दिवसांत अर्बाब, म्हणजे मालक, रजा कसली देतोय. सप्टेंबरात गणपती, तेव्हा वेंगुर्ल्याला जायलाच हवं. म्हणजे राहिली थंडी. थंडीत तिकडे पाऊस असतो म्हणे. मार्च-एप्रिलात त्यांच्या ईस्टरच्या मिरवणुका, हॉटेलं भरलेली, उर्वीला उसंत नाही. असं करत वर्षं गेली. प्रेमाताईंनी मोबाइलवर दोन गावांचं हवामान लावून ठेवलं होतं, मस्कत आणि मालागा. सकाळी देवपूजा झाली की त्या पहिल्यांदा ते बघायच्या. जिन्यात भेटल्या की सांगायच्या, "आज उर्वीकडे एकोणीस. स्वेटर घातला असेल." मीही नकळत विचारायला लागले होते, आज किती?

तर तांदूळ दळण्याच्या त्या शुक्रवारी त्या आल्या त्या माझ्या लेकीसाठी, पूर्वासाठी. पूर्वा अकरावीत, इंग्रजी फाडफाड.

"पूर्वा, बाळ, मातेओरावांना फोन लाव. बोलावणं करायचंय."

"उर्वीला सांगा की, ती सांगेल त्याला," मी म्हटलं.

"छे हो. जावयाला धोंड्याचं बोलावणं सासूने करायचं असतं. मुलीकडून निरोप धाडला तर ते काय बोलावणं झालं? आणि उर्वीला विचारलं की ती म्हणते, तो कामावर आहे, तो झोपलाय. नंबर आहे माझ्याकडे, त्यानेच दिलेला. महिना लागला की आम्ही तिकडे येऊ, तोवर यांची रजा बघते. नाही तर त्याने इकडे यावं. पण बोलावणं आज करायचं."

पूर्वाने फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मी चाळण हातात धरून ऐकत होते. मातेओने उचलला. पूर्वा हसत हसत सगळं सांगत होती, अनारसे, तेहतीस, स्पेशल मंथ. मग पलीकडून तो हळूहळू बोलायला लागला, आणि पूर्वाचं हसू मावळलं.

"काय म्हणतो गं?"

"काकू, तो..." पूर्वाने माझ्याकडे पाहिलं. "तो तिथे राहत नाही आता. डिसेंबरपासून. They are not... ते सेपरेट झाले. त्याला वाटलं उर्वीदीदीने सांगितलंय तुम्हाला. He is saying sorry. खूप वेळा."

पंख्याखाली तांदळाचं पीठ पंच्याच्या कडेने उडत होतं. प्रेमाताईंनी ते हाताने मागे सारलं.

"विचार त्याला," त्या म्हणाल्या, "नाश्ता केला का."

पूर्वाने विचारलं. तो हो म्हणाला बहुतेक. आणखीही काही म्हणाला, सोलकढीबद्दल काहीतरी. पूर्वाला ते मराठीत सांगता येईना. ती फोन ठेवून आत निघून गेली.

माझे तांदूळ तसेच पडून राहिले. दुपारभर प्रेमाताई माझ्याकडेच होत्या. रडल्या नाहीत. मी चहा केला, त्यावर साय आली, तरी त्यांनी तो घेतला नाही. संध्याकाळी उर्वीचा नेहमीचा शुक्रवारचा फोन आला. मी उठायला लागले तर त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"आई, कशी आहेस?"

"मी बरी. तू जेवतेस ना वेळेवर? मातेओराव?"

"तो... कामावर आहे."

"बरं. उर्वी, मे महिना कसा असतो गं तिकडे? अधिक लागतोय, म्हटलं यावं."

उर्वी म्हणाली, "मेमध्ये ना आई, वारा असतो. Very bad wind. तुझे कान दुखतील. सप्टेंबर बघू ना आपण."

"बरं बाई. सप्टेंबर बघू."

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "प्रेमाताई, सांगून का नाही टाकलंत, की तुम्हाला कळलंय?"

"वहिनी, एवढे महिने तिने एकटीने हे दाबून धरलंय. मी कसं सोडवू तिच्या हातातून? तिचं तिला सांगू दे." मग, मला नव्हे, देवघराकडे बघत म्हणाल्या, "आधी मे चांगला होता. आता मे पण वाईट झाला. तो झोपलाय म्हणायची, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

त्या रात्री समईची वात मोठी करताना माझ्या तोंडून देवाला बरंच काही गेलं. ते इथे लिहीत नाही.

बोलायला नको, पण खरा घाव पुढेच होता. प्रेमाताईंनी घरात चकार शब्द काढला नव्हता. आठवड्याने दयानंदभाऊ कामावरून लवकर आले ते जिन्यातूनच हाका मारत. आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात कोकमं निवडत होतो.

"गो, आयकलंस? अर्बाबान रजा दिली! जूनचो पयलो पंधरवडो! अठरा वर्सांत उन्हाळ्यात पयल्यांदाच. म्हटलंय त्याका, चेडवाच्या घरचा सण आसा. तो म्हणालो, तेव्हा रमजान आहे, जा, खलास, मुलीला भेटून ये. यल्ला! पासपोर्ट काढ!"

एवढं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. प्रेमाताईंचं कोकम हातातच राहिलं.

"मे-जूनमध्ये तिकडे वारा असतो म्हणे," त्या म्हणाल्या.

"काय असता?"

"वारा. फार वाईट. उर्वीच म्हणाली."

"वारो?" भाऊ माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमीच सांगा. आमी वेंगुर्ल्याची माणसां, वाऱ्याक भिऊन घरात बसतलंव?"

मी मान खाली घालून कोकमं निवडत राहिले.

"सप्टेंबर बघू म्हणाली," प्रेमाताई म्हणाल्या.

"सप्टेंबरात गणपती." भाऊंनी खिशातली रजेची चिठ्ठी काढली, पाहिली, आणि फ्रिजवर उर्वीने पाठवलेल्या मालागाच्या चित्राशेजारी चुंबकाखाली लावून ठेवली. "इतकी वर्सां माझ्यापायी अडला. आता वाऱ्यापायी." त्यांनी बायकोवर राग काढला नाही. तेच जास्त लागलं मला. हात धुऊन गॅलरीत जाऊन बसले.

अधिक महिना लागला, दुसऱ्याच दिवशी रमजानही लागला. खाली रस्त्यावर दुपारची शांतता, मशिदीतून संध्याकाळची बांग, आणि वर आमच्या घरी माझी पोथी. पीठ गुळात मळून मुरवत ठेवलं होतं. प्रेमाताई एक दिवस डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "करूया."

"कोणासाठी?" हा प्रश्न माझ्या तोंडात आला होता. गिळला.

आम्ही खसखशीवर थापले आणि तुपात सोडले. सुरेख जाळी पडली. त्यांच्या हातचाही एक विरघळला नाही. त्यांनी तेहतीस मोजून वेगळे काढले, उरलेले पूर्वाला ठेवले. "जमला की हो मला अनारसा," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा पदर डोळ्यांना लावला.

ज्याला जावई नाही त्याने वाण ब्राह्मणाला किंवा देवाला द्यावं, अशी रीत आहे. महिनाभर प्रेमाताई ती रीत मनाशी येऊ देत नव्हत्या. डबा फ्रिजवर होता. शेवटच्या दिवशी, अमावास्येला, त्या म्हणाल्या, "देवळात जाऊया."

भाऊंनीच गाडी काढली. उन्हाने महादेवाच्या देवळाची फरशी तापली होती. भाऊ बाहेर चपलांपाशी थांबले, पाय भाजतात म्हणून, असं मला वाटलं. प्रेमाताईंनी तांब्याचं ताट, दिवा, अनारसे पुढे केले. पुजारी चांगले, वयस्क. त्यांनी संकल्प सांगायला घेतला आणि सहज विचारलं, "जावई नाहीत का?"

प्रेमाताईंनी दिव्याची वात सारखी केली. मग म्हणाल्या, "नाहीत."

मागे काहीतरी वाजलं. वळून पाहिलं तर दयानंदभाऊ दाराच्या आत आले होते, अनवाणी, आणि हातातली गाडीची किल्ली खाली पडली होती. ते पुढे आले नाहीत. वाकून किल्ली उचलली आणि परत बाहेर गेले.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. उजव्या हाताला समुद्र चकाकत होता. सीबच्या फाट्यापर्यंत भाऊंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून ठेवले होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"डिसेंबर."

"एकटां आसा तिकडे?"

"हो."

मग भाऊ म्हणाले, "म्हणजे वारो नाय."

"नाही."

प्रेमाताईंनी मोबाइल काढला, हवामान उघडलं. मागच्या सीटवरून मला दिसत होतं. मालागा, चोवीस, सूर्याचं चित्र, आठवडाभर सूर्याचंच चित्र.

"तिका फोन करूक नको," भाऊ म्हणाले. "ती बोलवीत तेवा जावया. ऑगस्ट असो, पाऊस असो, काय असो. पण बोलावल्यार एक दिस वाया जाता कामा नये. व्हिसाचे फोटो तरी काढून ठेवया."

"गणपतीत बोलावलं तर?"

"गणपती समजून घेतलो."

घरी येऊन मी दिवा लावला आणि पंचा धुवायला घेतला. तांदळाचं पीठ अजून त्याच्या काठात अडकलं होतं. प्रेमाताई दारात आल्या, आत आल्या नाहीत.

"वहिनी, उद्या चारनंतर मोकळ्या आहात का? सीबच्या बाजारात फोटोवाल्याकडे जायचंय. दोघांचे फोटो, पांढऱ्या पडद्यापुढचे."