तुपात भिजवलेली चिंधी

नळ येण्याआधी आमच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, टाळूवर लिंबाएवढी जागा केसांविना होती. चुंबळ, तिच्यावर घागर, घागरीवर कळशी. अप्पा मी पाच वर्षांचा असताना पटकीने गेले. तेव्हापासून अव्वा, माझी थोरली बहीण अक्का आणि मी दोड्डप्पांच्या घरी राहू लागलो. दोड्डप्पा म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ. गुलबर्ग्याच्या बाजारात त्यांचं तुपाचं दुकान होतं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. आश्रित बाईला दुसऱ्याच्या घरात हक्काचं एकच काम मिळतं, पाणी. मायलेकी उजाडण्याआधी बावडीवर जायच्या. उन्हाळ्यात बावडी तळाला गेली की वाटीवाटीने पाणी खरवडून घागर भरायची. त्यात गाळ असायचा, बेडकाची पिल्लं असायची. पण ती दिसायची, आणि जे दिसतं ते गाळून घेता येतं.

मी मिडल शाळेत असताना आमच्या गल्लीत नळ आला. गल्लीच्या मोठ्या पाइपापासून आमच्या दारापर्यंत लोखंडी पाइप टाकायचा होता आणि मधे उघडी गटार होती. पाइप गटारीतूनच आडवा नेला. दोन तुकड्यांचा जोड नेमका गटारीच्या मध्यावर पडला. नळ बसवणारा मिस्त्री वयस्कर होता, दखनी बोलायचा, हाताला चोख होता. त्याने जोडात चामड्याचं वायसर, म्हणजे चकती घातली, घरातल्या तोटीत एक छोटी घातली आणि पाणी सोडलं. अव्वा तोटीखाली नुसताच हात धरून बराच वेळ उभी राहिली.

दोड्डप्पांनी विचारलं, "जोडात काय घातलास रे?"

"चमडा है सेठ. चमडे के बगैर पानी रुकता नै."

दोड्डप्पा ओट्यावरून खाली उतरले. "चामड्याला शिवलेलं पाणी लिंगावर घालू व्हय मी?"

आमच्या धर्मात शिवताशिवत नाही. म्हणजे धर्मात नाही, घरात होती. गळ्यात इष्टलिंग बांधून सगळे सारखे म्हणायचं आणि चांभाराच्या सावलीतून धोतर उचलून चालायचं, हे मी त्याच घरात एकाच माणसाकडून शिकलो.

चामडं काढायला लावलं. दोड्डप्पांनी स्वतःच्या लग्नातल्या रेशमी उपरण्याची पट्टी फाडली आणि साजूक तुपात भिजवली. रेशीम पवित्र, तूप पवित्र, तेव्हा पाणीही पवित्र. मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "ये मेरा काम नै सेठ. कल कू मेरा नाम नक्को लेना." मग दोड्डप्पांनीच गटारीच्या कडेला उकिडवं बसून ती पट्टी जोडात कोंबली आणि जोड आवळला. तोटीतली चकतीही गेली, तिथेही तुपाची चिंधी बसली. तोटी त्या दिवसापासून ठिबकत राहिली ती राहिलीच.

पाण्याला वास आला तो एकदम नाही. वर्षभर चांगलं चाललं. मग पावसाळ्यात पाणी जरा जड लागू लागलं, मग शिळ्या आंबलीसारखं. अव्वाने तोटीला फडकं बांधलं. आठवड्याने ते सोडलं की आत राखी रंगाचा बुळबुळीत लगदा निघायचा, शेंबडासारखा. त्यात केस, तुरीची टरफलं आणि दोऱ्यासारखे तांबडे किडे. किडे वळवळत असायचे. अव्वा फडकं राखेने घासायची, उन्हात टाकायची आणि पुन्हा तेच बांधायची. गल्लीच्या त्या गटारीत काय नव्हतं? वरच्या बाजूला टांग्यांची घोडी बांधलेली, पुढे डाळीच्या गिरणीचं पाणी, मग आठ घरांच्या मोऱ्या आणि दोन घरांचे संडास.

सगळ्यात किळसवाणी गोष्ट अजून सांगायची आहे. पाणी सकाळी दोन तास यायचं. शेजारपाजारची माणसं पहिली घागर ओतून द्यायची. आमच्याकडे पहिलं पाणी ओतायचं नाही असा दोड्डप्पांचा नियम होता. पहिलं पाणी म्हणजे कुणी न शिवलेलं. ते तांब्यात धरून ते लिंगपूजेला बसत आणि पूजेचं तीर्थ घरात प्रत्येकाच्या तळहातावर घालत. रात्रभर पाइपात साचलेली घाण आम्ही रोज सकाळी अनवाणी उभं राहून, डोळे मिटून प्यायचो. मीही प्यायलो. वास येत असून प्यायलो, हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो.

मी हैदराबादला कॉलेजात होतो तेव्हा अक्का पहिल्या बाळंतपणाला आली. तिचं सासर कडगंचीला. मुलगा झाला. बारशापासून दोड्डप्पा मोठ्या प्रेमाने रोज त्याच्या ओठांवर तीर्थाचा थेंब टेकवत. पाचव्या आठवड्यात हगवण लागली आणि तीन दिवसांत पोर गेलं. गल्ली म्हणाली दृष्ट लागली. अक्काची सासू तसं म्हणाली नाही. "त्या घरचं पाणी मी प्यालेय," ती चारचौघांत म्हणाली. "आमचा बैल तोंड लावायचा न्हाई त्याला." सुट्टीत आल्यावर मला हे कळलं आणि तिचा भयंकर राग आला. मग मी स्वयंपाकघरात जाऊन घागरीत नाक घातलं. राग तिच्यावरचा उतरला.

बी.ए. होऊन परतलो तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं आणि मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. अक्काला पुन्हा दिवस गेले होते. कडगंचीहून निरोप आला, पोरीला यंदा माहेरी पाठवत न्हाई. अव्वा जेवायला वाढता वाढता एवढंच म्हणाली, "मला तिला आणायचंय." तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

मी नळ बघू लागलो. एका सकाळी पाणी बंद झाल्यावर सहज तोटीच्या तोंडाला बोट लावलं, तर तोटीने बोट आत ओढलं. मी बोट काढलं, पुन्हा लावलं. पाइप उलटा ओढत होता. गल्लीतलं पाणी उताराने निघून जाताना आमचा पाइप रिकामा होत होता आणि त्याला वाटेत जे सापडेल ते तो आत घेत होता. वाटेत काय होतं ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

दोड्डप्पांना सांगितलं. ते पानाला चुना लावत होते. "चार बुकं वाचलास म्हणून मला पाणी शिकवायलास? रेशीम हाय त्यात. तूप हाय."

त्यांच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. संध्याकाळी मी धोब्याकडून धुण्याची नीळ आणली, जोडाच्या दोन्ही बाजूंनी चिखलाचे बांध घालून गटार अडवली आणि त्यात सगळी नीळ कालवली. काठीने ढवळली.

सकाळी पाणी आलं. दोड्डप्पा ओलेत्याने तांब्या घेऊन तोटीपाशी बसले. आधी फुसफुस, मग थुंकल्यासारखं थोडं, मग धार. धार निळी होती. तांब्यातलं पाणी त्यांनी तळहातावर घेतलं आणि बघत राहिले. क्षणभर त्यांचा चेहरा असा झाला की मला भीती वाटली, हे आता याला चमत्कार म्हणतात की काय. अव्वाचे हातही जुळायला लागले होते.

मी म्हणालो, "दोड्डप्पा, काल गटारीत नीळ कालवली मी. तीच ही."

त्यांनी हात धुवायला तोटीखाली धरला, तो आणखी निळा झाला. मग धोतराला पुसला. त्या दिवशी पूजा झाली नाही. न जेवता ते दुकानावर गेले.

मी मिस्त्रीच्या घरी गेलो. म्हातारा खाटेवर बसून चहा पीत होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही. "चिंधीवाले सेठ का भतीजा," तो म्हणाला. "पाइप मैं डालतौं. चिंधी नै निकालतौं. जिसने डाला वोच निकालेगा."

म्हणून मी धोतर खोचून गटारीत उतरलो. पोटरीपर्यंत ऊन, घट्ट, काळं. शेजारचा शिंपी मशीन थांबवून दारात आला.

"अण्णा, हैदराबादेत हेच शिकून आलाव का? बी.ए.च्या परीक्षेत गटार होती व्हय?"

"नव्हती. म्हणून तर इतकी वर्षं लागली," मी म्हणालो.

पान्याची गरजच पडली नाही. पाइप हाताने हलवला तर बिस्किटासारखा मोडला. जोडात उंदरांनी कुरतडून अंगठा जाईल एवढं भोक केलं होतं. तुपासाठीच आले असणार ते. उपरण्याची उरलेली पट्टी काळी, लिबलिबीत, मधे जरीचे दोन धागे अजून चमकत होते आणि सगळीभर पांढऱ्या अळ्या. मी ओकलो. ओकून झाल्यावर ती चिंधी पळसाच्या पानावर घेऊन ओट्यावर ठेवली.

दोड्डप्पा दुपारी आले. पानाकडे वाकून बघितलं. जरीवरून ओळखलं. मग म्हणाले, "तूप कुठं गेलं?"

"उंदरांनी खाल्लं. राहिलेलं आपण प्यालो."

"पण चामडं..." ते म्हणाले. इतकं झाल्यावरही चामडं. मला त्या क्षणी त्यांच्याविषयी जे वाटलं ते गटारीविषयीही वाटलं नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात अव्वा बोलली. थोरल्या दिराशी थेट बोलायची आमच्यात रीत नाही, म्हणून ती पदर सावरून खांबाकडे बघत, मला सांगितल्यासारखं म्हणाली, "ईचार तुझ्या दोड्डप्पाला, खेड्यातनं दुकानात तूप कशातनं येतंय ते."

तूप बुधल्यातून येत होतं. बुधला म्हणजे चामड्याचाच, गुळगुळीत, पोट सुटलेला. दुकानाच्या मागच्या खोलीत असे दहा-बारा ओळीने टांगलेले असायचे. त्याच तुपाने आमच्या देवाचा दिवा जळत होता, त्याच तुपात ती रेशमी पट्टी भिजली होती. सोळा-सतरा वर्षं ते तूप अव्वाने वितळवलं, गाळलं, वाढलं. तिला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कामून बोलली नाहीस, असं मी नंतर तिला विचारलं. "कुणी ईचारलं मला?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर एक जुना, फाटका बुधला पडलेला होता. दोड्डप्पा दुकानावर निघून गेले होते.

लढाईमुळे नवा पाइप मिळत नव्हता. बंद पडलेल्या सरकी काढायच्या कारखान्याच्या भंगारात मिस्त्रीने एक धडका तुकडा शोधला आणि त्याला नवे आटे पाडले. पाइप वर उचलून घेण्याच्या परवानगीचा अर्ज मी उर्दूत लिहिला. अक्षर बघून कारकुनाने मला बसायला खुर्ची दिली. मोच्याने बुधल्याच्या जाड भागातून दोन चकत्या कापल्या. वर्षानुवर्षं तुपात मुरलेलं चामडं होतं ते. मिस्त्रीने चकती बोटांत दाबून बघितली. "सेठ कू बोलना, ये चमडा अस्सल है," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला. गटारीवर शहाबादी फरशी टाकली, तिच्यावरून, गटारीपासून हातभर उंच, पाइप नेला. आट्यांना ताग आणि सफेदा लावला, जोडात चकती बसवली. तोटी बंद केली तशी ठिबक थांबली. इतकी वर्षं कानात असलेला आवाज गेल्यावर घर रिकामं वाटलं.

मी कडगंचीला गेलो तेव्हा बाटलीत नळाचं पाणी भरून नेलं. अक्काच्या सासूने ती उजेडात धरली, बूच काढून वास घेतला आणि आधी माझ्या हातावर ओतली. "तू पी." मी प्यालो. मग तीही प्याली.

"गटारीत तूच उतरला होतास म्हणे?"

"व्हय."

"मग ने तिला," ती म्हणाली.

अक्का सातव्या महिन्यात माहेरी आली. मुलगी झाली. दोड्डप्पा पूजा करत राहिले, पण पहिली घागर ओतून दिल्यावर, आणि बाळाच्या ओठांना त्यांनी काही लावलं नाही. अडीच महिन्यांची, गुटगुटीत पोर घेऊन अक्का सासरी गेली. त्या जोडातली चकती हैदराबाद भारतात आलं त्या वर्षी मी उघडून बघितली. ती शाबूत होती, आणि पाण्याला वास नव्हता.