रणगाड्यांच्या जहाजाला ओवाळायला गेले तेव्हा

माझ्या वडिलांचा जीव ज्या जहाजानं घेतला त्याच जहाजाला ओवाळायला मला बोलावलं, आणि बोलावणारा साहेबही तोच, ज्यानं तेव्हा फोनवर सांगितलं होतं की वडील नको तिथे उभे राहिले. त्याच्या लक्षात नव्हतं. माझ्या होतं.

जहाज लढाईतलं. वडील सुट्टीला आले की जेवताना त्याच्याच गोष्टी. लांबच्या कुठल्या मुलखात, मोठ्या लढाईत, रणगाडे उतरवायला बांधलेलं. तळ परातीसारखा सपाट. बंदर नको, धक्का नको, सरळ वाळूत नाक खुपसायचं, पण त्याआधी मागचा नांगर समुद्रात सोडायचा, म्हणजे काम झालं की नांगराच्याच दोरावर स्वतःला मागे ओढून घेता येतं. पुढे कपाटासारखी दोन दारं, दारांच्या आत लोखंडी उतार, साखळ्यांवर उभा धरलेला. साखळ्या सोडल्या की उतार वाळूवर टेकतो आणि रणगाडे धडधडत खाली.

लढाई संपली तसं ते विकलं. मग कुठे साखर वाहिली, कुठे सिमेंट, कुठे बकऱ्या. मालक बदलला की नाव बदलायचं, रंग बदलायचा. म्हातारपणी आखातात आलं आणि इथल्या बेटांवर वाळू, जेसीबी, पाण्याचे टँकर न्यायला लागलं, एकदा तर हॉटेलासाठी मोठाली खजुराची झाडं नेली, उभीच्या उभी. वडील म्हणायचे, "लढाईत काय झालं नाही गो त्याला, बकऱ्यांनी वाट लावली." आई हसायची, मीपण हसायचे.

मी सातवीत होते. एका बेटावर उतार अर्ध्यात अडकला, वडिलांना खाली जाऊन बघ म्हटलं, आणि साखळी तुटली, उतार त्यांच्यावर. हे मला खूप उशिरा कळलं, त्यांच्याबरोबरच्या सारंगकाकांकडून, सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या. त्या दिवशी फक्त साहेबाचा, कंपनीच्या मालकाचा, फोन आला. आईला बोलता येईना म्हणून मी घेतला. "बाळ, तुझे बाबा नको तिथे उभे राहिले गं." एवढंच. साखळीचं नाव नाही. गावात पण तेच पसरलं, की चूक त्याचीच. माझी शाळा तिथेच सुटली.

लग्न झालं ते खलाशाशीच, आमच्याकडे दुसरं कोण मिळणार. कंपनी पण तीच, सारंगकाकांनीच लावलं यांना. पण हे नव्या बोटीवर, आणि ते जुनं कधीच मोडीत गेलं असणार असं मी धरून बसलेले. इथे आखातातच, मनखूलला एका फ्लॅटमधली एक खोली आमची, मुलगी नर्सरीला जायला लागलेली, बरं चाललेलं.

एक दिवस हे आले, हातपाय न धुताच खाली बसले. म्हणाले, "मला त्या जुन्यावर टाकलंय. शेवटची खेप. ओढणाऱ्या टगबोटीच्या मागे बांधून भंगारवाल्याकडे न्यायचं. वर चार माणसं लागतात, पंप बघायला, दोर बघायला."

"कुठलं जुनं?"

"धक्क्याला उभं असतं ते, माल ठेवायला वापरतात. पुढे कपाटासारखी दारं बघ, आणि तळाला रणगाडे बांधायच्या कड्या..."

मी गॅस बंद केला. म्हटलं, "तुम्ही नाही जायचं."

"आणि व्हिसा कॅन्सल केला तर? तू, ही, सगळेच गावाला." मग खाली बघून हळूच म्हणाले, "साहेबांनी तुला पण बोलावलंय. सवाशिणीनं ओवाळल्याशिवाय बोट सोडत नाहीत ते. सगळ्यांच्या बायका गावाला, इथे तूच एक."

मी हो म्हटलं. यांना नवल वाटलं, मी एवढी घाबरट, लिफ्टमध्ये एकटी जात नाही. पण मला त्या माणसाचं तोंड बघायचं होतं. मनात काय काय येत होतं ते यांना सांगितलं नाही. त्याला त्याच्याच जहाजात कोंडावं, उतार वर ओढून घ्यावा, आणि मग त्याच्या मुलीला फोन करावा, बाळ, तुझे बाबा नको तिथे उभे राहिले गं.

निघायच्या दिवशी धक्क्याच्या गेटवर साडीवरून जॅकेट चढवलं, पदर आवरून हेल्मेट घातलं, मुलीला कडेवर घेतलं, एका हातात ताट. सेफ्टीवाला हैदराबादचा, त्यानं ताटातल्या निरांजनाकडे बघून हात जोडले. "भाभी, आग नहीं चलेगी. परमिट लगता है." बाजूच्या पोरानं बॅटरीचा दिवा आणून दिला. एवढ्याशा ज्योतीला परमिट लागतं, आणि तो उतार तिथे टांगलेला, त्याला कुणाचं काही नाही.

दारं उघडी होती. आतला उतार अर्धवट वर, साखळ्या गंजून लाल, मधेमधे काळं ग्रीस फासलेलं. खाली सावली पडलेली. माझे वडील अशाच सावलीत गेले होते. मुलगी म्हणाली, "मम्मा, द बोट इज सिक."

साहेब आला. म्हातारा झालेला, पोट सुटलेलं, वास भारी सेंटचा. "या वहिनी, या! तुमच्या हातचं झालं की प्रवास सुखाचा. पटकन करा हं, ऊन वाढतंय. यल्ला, चला, नारळ कुठाय रे?"

मी म्हटलं, "साहेब, नुसत्या लोखंडाला कशी ओवाळू? आमच्यात मालकाला पुढे उभं करतात. तुम्ही उभे राहा."

"राहतो की! कुठे, इथे?"

"इथे नाही. तिकडे. त्या उताराखाली."

तो हसला. "अहो वहिनी, बोटीचं नाक इथून दिसतंय की."

"चार माणसं पाठवताय ना त्याच्यावर? मग दोन मिनिटं उभं राहायला काय झालं?"

हे माझी बाही ओढत होते, पुरे गं, पुरे. माझा आवाज चिरका झालेला, पण थांबताच येईना. मी वडिलांचं नाव घेतलं. गाव सांगितलं. म्हटलं, "फोन मी घेतला होता साहेब. नको तिथे उभे राहिले म्हणालात. नको तिथे म्हणजे कुठे, ते मला आज दाखवा. साखळी चांगली होती ना? आजपण चांगलीच असेल. जा की."

त्याचं हसू गेलं. त्यानं वर साखळीकडे बघितलं. त्याचा एक पाय मागे गेला, आणि ते सगळ्यांनी बघितलं. खलाशांनी, सेफ्टीवाल्यानं, टगच्या लोकांनी.

"या बाईला बाहेर काढा," तो म्हणाला.

कुणी हललं नाही. मग चौघांतला सगळ्यात म्हातारा, रत्नागिरीकडचा, त्यानं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. "खलास, साहेब. तुम्ही खाली जायना, आम्ही वर जाव नाय." दुसऱ्यानं ठेवली. तिसऱ्यानं. आमचे हे तेवढे बॅग घट्ट धरून माझ्याकडे बघत राहिले, मला वाटलं आता हे जाणार, माझ्यासमोरून चालत जाणार. मग त्यांनी पण ठेवली.

मी ओवाळलं नाही. ताट तसंच परत आणलं.

चार-पाच दिवसांनी टगनं ते रिकामंच ओढून नेलं, वर माणूस नाही. बुडलं नाही. मला वाटत होतं बुडावं, वाटेतच, म्हणजे भंगाराचे पैसेसुद्धा त्याला मिळू नयेत. यांना गोदामात टाकलंय, उन्हात माल उतरवायला. साहेब समोरून जातो पण बोलत नाही. व्हिसाचं काय होईल माहीत नाही, फोन वाजला की आधी नंबर बघते, हे घरी येईपर्यंत खिडकी सोडवत नाही. पण येतात. रोज येतात.

परवा जेवताना यांनी विचारलं, "तो खरंच उभा राहिला असता तर?"

"तर ओवाळलं असतं."

"आणि साखळी तुटली असती तर?"

मुलीच्या तोंडात वरणभाताचा घास होता, तो गिळेपर्यंत मी थांबले.

"त्याच्या घरी फोन मीच केला असता," मी म्हटलं.