जावयाचं लक्ष

चहाचा कप आधी खाली ठेवा, हसताना सांडेल. माझी फजिती ऐकायची आहे ना? मग ऐका!

वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, तुम्हाला एडीएचडी आहे. बायको, वर्षा, तिथेच म्हणाली, "पंधरा वर्षांपासून मी दुसरं काय सांगून राहिली होती?"

डॉक्टरांनी रोज सकाळी घ्यायची एक गोळी दिली. म्हणाले, "तुम्ही विसरत नाही हो. गोष्ट आधी डोक्यात शिरली तर आठवेल ना? या गोळीनं लक्ष एका जागी टिकेल. पण कुठं टिकवायचं, ते तुम्हीच ठरवायचं. गोळी ठरवत नाही."

यातलं मी निम्मंच ऐकलं. गोळी अजून घेतली कुठं होती!

तिसऱ्याच दिवशी पारशिवनीहून मामाजी, म्हणजे माझे सासरे, येणार होते. ते आले की त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. मागच्या खेपेला मी त्यांना आणायला बसस्टँडवर निघालो, वाटेत तर्री पोहे खाल्ले आणि समाधानानं घरी परतलो. मामाजींशिवाय! तेव्हापासून त्यांचा माझ्यावर काडीचा भरवसा नव्हता. यावेळी म्हटलं, काही झालं तरी त्यांच्या मनातून आणखी उतरायचं नाही.

शाळेत शिकवायला निघताना वर्षानं बजावलं, "अकराची बस आहे. गोळी घेतली ना? आता दुसऱ्या कशाले हात लावू नका!"

साडेनऊ वाजले होते. नंदनवन कॉलनीतल्या आमच्या पोर्चमध्ये थंडीतलं मस्त ऊन आलेलं, आणि समोर मामाजींनीच पाठवलेलं तुरीच्या शेंगांचं पोतं. वेळ होता. मूठभर शेंगा सोलाव्यात, रात्री सोल्यांची, म्हणजे या ओल्या दाण्यांची, भाजी होईल. यात काय वाईट?

अहो, काय ती शांतता! एक शेंग, चार दाणे. दुसरी शेंग, पाच दाणे. जन्मात पहिल्यांदा एक काम करताना दुसरं आठवत नव्हतं. आणि दुसरं म्हणजे कोण? मामाजी!

फोन सतरा वेळा वाजला, हे मला नंतर कळलं. मध्येच कोणीतरी समोर येऊन बसलं आणि शेंगा सोलायला लागलं. रोज पेपर वाचायला येणारे शेजारचे काका असणार. मी मान वर केली नाही.

"बरं झालं काका, आले तुम्ही. सोला थोडे."

"हं."

"आमचे सासरे येऊन राहिले आज. मले लय धाक वाटते त्यांचा!"

"काहून?"

"मले बैताड समजतात ना ते, बिनकामाचा! पण माणूस सोन्यासारखा आहे, काका. माझे बाबा गेले तेव्हा महिनाभर इथं राहून सगळं घर सांभाळलं त्यांनी. एकदा तरी त्यांनी म्हणावं, जवाई कामाचा आहे. बस, अजून काही नाही पाहिजे मले."

समोरचे हात थांबले. आवाज आला, "मंग आणाले नाही गेले त्याहिले?"

"जातो ना. अकराची बस आहे. किती वाजले?"

"साडेबारा, जवाईबापू."

मी मान वर केली. धोतर, टोपी, मांडीवर पिशवी. मामाजी! बसस्टँडवरून एकटे ऑटो करून आलेले!

लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामाजी मात्र उपरण्यानं डोळे पुसत होते. म्हणाले, मोतीबिंदूनं पाणी येते.

संध्याकाळी वर्षानं डोक्यावर हात मारून घेतला. "बाबा, उद्या दवाखान्यात मीच येते."

"कायले वं? जवाईबापूच येतीन माह्यासंग. कामाचा माणूस आहे. फक्त गोळी घेतली की त्याहिच्या समोर मले बसव!"

ऐकलं तुम्ही? कामाचा माणूस! मग काय, दुसऱ्या दिवशी गोळी घेतली आणि ठरवलं, आज लक्ष फक्त मामाजींवर. दवाखान्यातल्या लोकांनी त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकले. मी समोर बसलो. पाणी हवं का? शाल नीट आहे का? पाय अवघडले का? दोन तास नजर हलवली नाही. सिस्टर त्यांचं नाव पुकारत होती म्हणे. एकदा, दोनदा, तीनदा. मला ऐकूच आलं नाही!

शेवटी मामाजी स्वतःच उठले. धड दिसत नसताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि भिंत चाचपत मला आत घेऊन गेले.

सिस्टरनं आम्हा दोघांकडं पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, पेशंटले त्या खुर्चीवर बसवा."

आणि मी बसलोसुद्धा!