सायवनच्या पलीकडचा माणूस

ते प्रकरण फार मोठं नव्हतं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असतील-नसतील. पण निवृत्त झाल्यावर सकाळी चहाचा कप हातात घेऊन बसलो की मोठमोठे गुन्हे मागे राहतात आणि हेच प्रकरण पुढे येऊन उभं राहतं.

२०१६ सालची दिवाळी तोंडावर आली होती. मी तेव्हा डहाणूला होतो. त्याआधी तलासरीला काढलेले दिवसही ताजेच होते. सामान्य वाचकाला ठाऊक नसेल, पण प्रत्येक पोलीस ठाण्याची एक खासगी बोली असते. कागदावर आम्ही 'अनोळखी फिरस्ता इसम' असं लिहितो. तोंडाने कुणी तसं बोलत नाही. रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाला तलासरीला 'उतारू' म्हणत. हायवेवरचे ट्रकवाले आजारी पडलेला क्लीनर, कुणी भ्रमिष्ट, कुणी नकोसा झालेला म्हातारा असे लोक हद्दीवरच्या ढाब्यापाशी उतरवून निघून जात. त्यावरून तो शब्द पडला होता. डहाणूला आलो तर पहिल्याच हजेरीला एक जाडजूड हवालदार मोठ्या आवाजात म्हणाला, "साहेब, स्टँडमागे तीन हॉल्टिंग आहेत. बाकी शांत."

मला वाटलं एसटीच्या गाड्यांबद्दल बोलतोय. सगळे हसले. मग समजलं, ह्या हवालदाराचा थोरला भाऊ एसटीत कंडक्टर होता. रात्री मुक्कामाला थांबणाऱ्या गाडीला ते लोक हॉल्टिंग म्हणतात. हवालदाराने तो शब्द घरून आणला आणि स्टँडवर मुक्काम करणाऱ्या माणसांना लावला. तो इतका रुजला की चहावाला, रिक्षावाले, सगळेच तसं म्हणू लागले. हवालदार मनाचा वाईट नव्हता. थंडीत ह्याच हॉल्टिंगांना तो मुद्देमालाच्या खोलीतल्या जुन्या गोण्या नेऊन द्यायचा, आणि विचारलं की म्हणायचा, "खोली साफ केली, साहेब." आज तो नाही. असता तर हे वाचून माझ्याशी भांडला असता की शब्दाचं श्रेय त्याच्या भावाला का दिलं.

त्या दिवसांत चिखले गावाकडच्या चिकूच्या वाड्यांमधून विहिरीवरच्या मोटारी चोरीला जात होत्या. मोटार फोडायची, आतली तांब्याची तार काढायची आणि भंगारात विकायची. ऑक्टोबरचं ऊन आणि झाडांना पाणी नाही, त्यामुळे बागायतदार ठाण्यात येऊन बसू लागले. एक म्हातारे शेठ रोज येत. "साहेब, आता तर हद थई गई. झाडं सुकली तर पोरांना काय खायला घालू? तुमच्या कायद्याची कलमं?" वरूनही विचारणा सुरू झाली होती.

अशात एका सकाळी हवालदार खुशीत आला. खबर लागली होती. देणारा होता गावातला मोटार वायंडिंग करणारा. आमच्या लोकांबरोबर चहा पिणारा, ठाण्याचे पंखे दुरुस्त करून देणारा, थोडक्यात आपला माणूस. त्याने सांगितलं होतं, "स्टँडमागे तो दाढीवाला हॉल्टिंग आहे ना, त्याच्याकडे पोतं आहे. त्यात तांब्याची तार आहे."

पंच घेऊन गेलो. दाढीवाला पोत्यालाच टेकून बसला होता. पोत्याचं तोंड सुतळीने घट्ट शिवलेलं. पंचांसमोर ते उसवलं, तर आत खरोखर तांब्याची तार. शेठना कळल्यावर ते पेढे घेऊन आले. हवालदार म्हणाला, "साहेब, अटक दाखवून टाकू. दिवाळी सुखाची जाईल."

आणि खरं सांगतो, तसं करणं सोपं होतं. त्याला जामीन द्यायला कुणी येणार नव्हतं. पुढची कित्येक वर्षं तो कुठल्या तरी तुरुंगात पडून राहिला असता आणि आमच्यापैकी कुणाचीही झोप उडाली नसती.

मी त्याला चौकशीसाठी समोर बसवलं. मराठीत विचारलं, हिंदीत विचारलं, माझ्या मोडक्या गुजरातीत विचारलं. नाव नाही, गाव नाही, हूं की चूं नाही. डोळे मात्र शुद्धीवर असलेल्या माणसाचे होते. हवालदार आवाज चढवायला लागला तसं मी त्याला थांबवलं आणि खानावळीतून जेवण मागवलं. नोकरीत एक गोष्ट मी पाहिली आहे. मारापुढे माणूस वाटेल ते बोलतो, जेवताना मात्र तो जसा आहे तसा दिसतो.

हा गडी उपाशीच होता. वरण-भात बोटं चाटून संपवला. पण ताटातल्या काकडीच्या फोडी त्याने एकेक उचलून कागदाच्या तुकड्यावर बाजूला ठेवल्या. टाकल्या नाहीत, नीट मांडून ठेवल्या. भुकेला माणूस अन्न बाजूला ठेवतो, हे मला खटकलं.

मग तलासरीची एक दुपार आठवली. डोंगरपट्ट्यातल्या एका पाड्यावर चौकशीला गेलो होतो. घराच्या आढ्याला काकड्यांची रांग टांगलेली. उन्हाने जीव नुसता कासावीस झालेला. मी गमतीने एक मागितली तर घरधनी ओशाळला. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, तेव्हा नवं पीक देवाला दाखवतात, तोवर घरात कुणीही ती काकडी तोंडाला लावत नाही, असं त्याने सांगितलं. मला मात्र त्याने शेजारून पपई आणून दिली.

मी दाढीवाल्याला हळूच विचारलं, "नवं झालं नाही ना अजून?"

त्याने झटकन वर पाहिलं. मग म्हणाला, "देवाला नाय दाखवला अजून."

हे त्याचं पहिलं वाक्य. त्यानंतर पोत्याचं विचारलं. "मोटरसायकलवाल्यानी दिला. सांभाळ, सांजेला येतो बोलला. वडापाव दिला मना." माणूस कसा होता? "तोंड बांधलेला. हाताला वारनीसचा वास येत होता."

मी हवालदाराकडे पाहिलं. पोत्याचं तोंड शिवलेलं होतं. आत तांब्याची तार आहे हे बाहेरून कुणाला कसं कळलं? आणि मोटारीच्या गुंडाळीवर चढवतात त्या वॉर्निशचा वास गावात कुणाच्या हाताला येतो? हवालदाराचा चेहरा उतरला. "साहेब, पण तो तर आपला माणूस."

"म्हणून तर आपल्याकडे आला," मी म्हणालो.

दुकानाची झडती घेतली. मागच्या खोलीत चिकूच्या क्रेटखाली फोडलेल्या मोटारींचे सांगाडे निघाले. वायंडिंगवाल्याने फार वेळ घेतला नाही. दुरुस्तीला म्हणून तोच वाड्यांमध्ये जायचा, राखणदार कधी नसतो ते हेरून यायचा. लोक पहारा करू लागले तेव्हा त्याने थोडी तार दाढीवाल्याच्या गळ्यात मारून प्रकरण मिटवायचं ठरवलं होतं. शेठ पेढ्यांचा रिकामा पुडा बघत एवढंच म्हणाले, "माझ्या मुलीच्या लग्नात ह्यानेच लायटिंग केलं होतं."

दाढीवाल्याला मी सांगितलं, "तू मोकळा आहेस, जा." तो उठेना. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून राहिला. संध्याकाळी मी शेजारी जाऊन बसलो आणि गाव विचारलं. सायवनच्या पलीकडचा एक पाडा त्याने सांगितला.

मी चकित झालो. उतारू काय, हॉल्टिंग काय, आमच्या सगळ्या शब्दांमध्ये एकच समजूत होती, की हा माणूस लांबून कुठून तरी आलाय आणि पुढे कुठे तरी जाणार आहे. ह्याचं घर तर आमच्याच तालुक्यात होतं. सायवनची एसटी रोज त्याच्या डोळ्यांसमोरून सुटत होती.

"मग घरी का जात नाहीस?"

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. इकडची बरीच माणसं गुजरातेत बोटीवर खलाशी म्हणून जातात, तसा तो गेला होता. बोट उलटली. ह्याला दुसऱ्या बोटीने उचललं. कुठल्या तरी लांबच्या बंदरात तो आजारी पडून राहिला. वर्षं गेली. कसाबसा डहाणूला पोचला, तर बाजारात पाड्यावरचा एकजण भेटला. तो ह्याला बघून किंचाळलाच. "माझा दिवस घातला, साहेब. भावाने डोकां भादरला. मेलेला माणूस घरात शिरला तर घराला बाध लागतो. आई आहे, भावाची पोरां आहेत. कसा जाऊ?"

माझ्याकडे ह्यावर कुठलंही कलम नव्हतं. वाघबारशीच्या आदल्या दिवशी त्याला जीपमध्ये घालून आम्ही पाड्यावर नेलं. हवालदार आपणहून बरोबर आला. जीप थांबली तशा बायका मुलांना घेऊन घरात शिरल्या. आई अंगणात होती. ती ना पुढे आली, ना मागे सरली. पाड्याचं देवाधर्माचं बघणाऱ्या भगताला बोलावलं. म्हातारा म्हणाला, "मेला तो मेला. आता जन्मावा लागंल."

मग त्यांनी सुईणीला आणलं. वाकलेली, तोंडात दात नसलेली बाई. कदाचित ह्याच्या खऱ्या जन्मालाही तीच होती. तिने त्या दाढीवाल्या बाप्याला पाटावर बसवलं, अंगाला हळद लावली आणि तान्ह्या मुलाला घालावी तशी कोमट पाण्याने आंघोळ घातली. हवालदार तोंड फिरवून डोळे पुसत होता. मीही काही वेगळं करत नव्हतो.

रस्त्यावर झोपलेल्या माणसाला आम्ही 'कुठून आलास' एवढंच विचारतो. 'घरी का जात नाहीस' हे त्या दिवसानंतर मी प्रत्येकाला विचारत आलो.

आंघोळ झाल्यावर सुईणीने आईला जवळ बोलावून विचारलं, "नाव काय ठेवायचा पोराचा?"

आईने त्याच्या कानाशी वाकून त्याचं जुनंच नाव सांगितलं. आम्ही ठाण्यात तीन-तीन भाषांत विचारूनही त्याने जे सांगितलं नव्हतं तेच. आणि तो म्हणाला, "ओ."

मग आईने त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि त्याला घरात घेतलं.