बाबा बोलले तेव्हा मी घूंऽऽ ऐकत होते

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच माझं कौतुक केलं, आणि जुईनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जमलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. मी सोडून.

बाबांची पंचाहत्तरी होती. माझा धाकटा भाऊ संदेश कॅनडात असतो. घरातलं सगळं कौतुक पहिल्यापासून त्याच्या वाट्याला. (बाबांच्या डॉक्टरांच्या फाइली माझ्या वाट्याला.) त्याला येणं जमणार नव्हतं. फोनवर म्हणाला, "ताई, बाबांचं भाषण शूट कर. पण आवाज क्लिअर पाहिजे हां! आईच्या साठीला नुसता पंखा ऐकू आला."

झालं! मला चेव आला. आमच्या ऑफिसातले कदम सुटीच्या दिवशी ऑर्केस्ट्राचं साउंड सांभाळतात. त्यांच्याकडून मी अगदी स्टेजवरचा, गायकांचा माइक मागून आणला. वजनाला वरवंटा! त्याच्या वायरीच्या टोकाला तीन काट्यांची जाडजूड पिन; आणि आमच्या घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्याचं भोक कानातल्याच्या फिरकीएवढं. वाशीच्या दुकानदाराने मधे जोडायला एक वायर दिली. "लग जायेगा, मॅडम." लागली! तेवढ्यावर मी खूश. आधी ट्रायल घेतली का? नाही. (मग केक कोण आणणार होतं? संदेश?)

हॉलमध्ये त्रिसरण-पंचशील झालं, केक झाला, बाबा बोलायला उभे राहिले. मी कान झाकणारे हेडफोन चढवले, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि ऐकते तर काय, घूंऽऽऽ! ओठ बाबांचे, आवाज पिठाच्या गिरणीचा!

पिन फिरवली. घूंऽऽ. दाबली. घर्रर्र! अर्धी बाहेर ओढली, तर डाव्या कानात बाबा एकदा खोकले आणि गेले. (हेडफोन काढावेत, हे मला का सुचलं नाही? आवाज येत नव्हता ना, म्हणून!)

मी कॅमेऱ्याच्या स्टँडखाली वाकून चार्जरची वायर हलवत होते, तेवढ्यात शेजारच्या पवारकाकूंनी पाठीत थाप मारली. काहीतरी म्हणाल्या. मी हातानेच "थांबा" केलं. वर बघते तर बाबा माझ्याकडे बोट दाखवतायत! मला वाटलं, माइक बंद पडलाय म्हणतायत. मी खूण केली, चालू ठेवा, चालू ठेवा! बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मी हेडफोन काढले, तोवर बाबा खाली बसलेले.

आई पदराने नाक पुसत आली. "भरून पावलीस ना गं?"

"कशाने?"

"अगं, सहा मिनिटं तुझ्याबद्दलच तर बोलले!"

"काय बोलले?"

"सगळंच बोलले गं!" आणि तिला पुन्हा हुंदका.

पवारकाकूंना गाठलं. "काय बोलले म्हणून सांगू! शब्द नाय आठवत, पण मी रडले बाई."

रेकॉर्डिंग लावून बघितलं. सहा मिनिटं गिरणी.

सोमवारी माइक परत दिला, तेव्हा कदम हळहळले. "अहो मॅडम, पिन उपटून टाकायची ना! बाहेरचा माइक जोडला की कॅमेऱ्याचा आतला बंद होतो. काढला असता तर भाषण आलं असतं की!"

संदेशने कॅनडातून व्हिडिओ बघितला. "ताई, एवढं एकच काम सांगितलेलं ना?"

आठवडाभर मी गप्प राहिले. मग एका सकाळी बाबांच्या हातात चहा दिला आणि लाज गिळून विचारलं, "बाबा, त्या दिवशी माझ्याबद्दल काय बोललात हो तुम्ही?"

बाबांनी कप खाली ठेवला. "त्या दिवशी जरा भावनेच्या भरात बोलून गेलो," ते म्हणाले. "आता नीट विचार करून सांगू का?"

"नको, नको, बाबा! तुम्ही बिस्किट घ्या!"

जन्मात एकदा झालेलं कौतुक. ऐकू आलं नाही तरी चालेल, पण दुरुस्त होऊन नको!